तुपाची वाटी आणि शंकरपट



पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.

गेल्या आठवड्यात आपल्या भागातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शंकरपटाचं बॅनर येऊन पडलं. बक्षिसाच्या रकमा, ढाल, वर नेतेमंडळींचे फोटो, आणि मधोमध बैलजोडी, पाय हवेत. पाच मिनिटांत ग्रुपमध्ये दोन तट पडले. एकानं लिहिलं, "हे पेटावाल्यांचं खूळ हाय. आपल्या बापजाद्यांनी असलं कधी ऐकलं नव्हतं." दुसऱ्यानं लिहिलं, "सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली, विषय संपला." मग शिव्या सुरू झाल्या. रात्री पुतण्यानं मला थेट विचारलं, "काका, तुम्ही पटाकडून हाव का इरोधात?"

मी त्याला म्हणलं, एका ओळीत सांगता येणार नाही, लिहून टाकतो. कारण ग्रुपवरची दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. हा विषय पेटानं सुरू केला नाही आणि कोर्टानं संपवलेलाही नाही. दीडशे वर्षांचा इतिहास आहे त्याला, आणि त्यातला बराचसा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे.

पण सुरुवात आपल्या गावापासून करू.

नरसीत जन्मलेल्या माणसाला ही गोष्ट सांगायची गरज नाही, तरी सांगतो. नामदेव महाराज जेवायला बसले होते. कुत्रं आलं, भाकरी तोंडात धरून पळालं. महाराज काठी घेऊन नाही, तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं पळाले. कोरडी खाऊ नको रे देवा, म्हणत. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकताना आपण हसायचो. ज्ञानेश्वर महाराजांनी पैठणला रेड्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याच्या पाठीवरचे आसूड त्यांच्या अंगावर उमटले, असं सांगतात. एकनाथ महाराजांनी काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली. कुत्रं, रेडा, गाढव. ज्या जनावरांच्या नावानं आपण माणसाला शिवी देतो नेमकी तीच तीन. शेकडो वर्षांपूर्वीच्या या गोष्टींत मुक्या जिवाच्या दुखण्याकडं बघायचं कसं, हे सांगितलेलं आहे. तेव्हा "आपल्यात हे नव्हतं" असं निदान नरसीच्या माणसानं म्हणू नये.

संतांनी दृष्टी दिली, कायदा नाही. कायद्याची गोष्ट मुंबईत सुरू होते. १८७४ साली तिथं जनावरांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. तिच्यामागं इंग्रज अधिकारी होते तसेच पारशी, गुजराती व्यापारीही होते. १८८३ साली दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचा दवाखाना उभा राहिला, बाई साकरबाई यांच्या नावाचा. तो आजही चालू आहे. १८९० साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी जनावरांच्या क्रूरतेविरुद्ध कायदा झाला. त्याचा रोख मुख्यतः ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांवर होता. लंगडणारा घोडा टांग्याला जुंपणं, जखमेवर जू ठेवणं, अमानुष मारणं, असले प्रकार. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. हिंगोलीला छावणी होती, पण मुंबईचे कायदे आणि मुंबईच्या चर्चा आपल्यापासून लांब होत्या. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण भारताच्या कायद्याखाली आलो.

त्याच काळात महाराष्ट्रात दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि तिचा आपल्याला अभिमानही आहे. सांगली भागातले विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात घोड्यांचे उस्ताद होते. मुंबईत १८७९ साली चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली. ती बघून छत्र्यांच्या मनानं घेतलं की आपलीही सर्कस काढायची. २० मार्च १८८० रोजी त्यांनी पहिला खेळ केला. भारतीय सर्कशीची सुरुवात ती हीच मानतात. पुढं देवल सर्कस, कार्लेकर सर्कस निघाल्या. केरळातल्या तलश्शेरीच्या कीलेरी कुन्हिकण्णन यांनी छत्र्यांचंच बघून तिकडं सर्कशीची शाळा उघडली. गोऱ्या साहेबाला जे जमतं ते आम्हालाही जमतं, हा त्या काळात साधा आवाज नव्हता. वाघ-सिंहाला वाकवणारा मराठी माणूस बघून लोकांची छाती फुगत होती.

म्हणजे एकीकडं जनावरासाठी दवाखाना, दुसरीकडं जनावराच्या खेळावर टाळ्या. दोन्ही मुंबईत, तीन वर्षांच्या अंतरानं. पिंजऱ्यातल्या वाघाला आगीच्या कड्यातून उडी मारायला शिकवतात ते कसं, हा प्रश्न विचारायला मात्र सत्तर-ऐंशी वर्षं जावी लागली.

तो प्रश्न संसदेत नेला एका नर्तिकेनं. रुक्मिणीदेवी अरुंडेल, मद्रासच्या. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या कलाक्षेत्र संस्थेच्या संस्थापक. १९५२ साली त्या राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या आणि त्यांनी जनावरांच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक आणलं. पंडित नेहरू म्हणाले, तुम्ही मागं घ्या, सरकार स्वतः कायदा आणेल. त्यांनी मागं घेतलं, सरकारनं वेळ लावला, पण १९६० साली कायदा झाला. त्यातून १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं आणि पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच झाल्या. बघा, या देशात खेळातल्या जनावरांसाठी कायदा आणायला लावणारी बाई स्वतः रंगमंचावरची होती. कलेच्या विरोधात होती असं तिला कुणी म्हणू शकत नाही.

या १९६० च्या कायद्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं कामी येतील.

पहिली, कलम २२. खेळासाठी जनावर वापरायचं तर नोंदणी पाहिजे, आणि केंद्र सरकार एखाद्या जनावराचं नाव यादीत टाकून त्याचा खेळच बंद करू शकतं.

दुसरी, कलम ११ खालचा दंड. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. १९६० साली ५० रुपये ही रक्कम होती. आज त्यात दोन माणसांचा नाश्ता होत नाही. आपल्या घरच्या बैलाला कुणी अमानुष मारलं, तर या कलमाखाली पहिल्या वेळेला जास्तीत जास्त ५० रुपये दंड. साठ वर्षं उलटून गेली, रक्कम तीच.

कलम २२ ची ती यादी पहिल्यांदा २ मार्च १९९१ ला निघाली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा. सर्कसवाले कोर्टात गेले. मग १९९८ साली सुधारित यादी आली. कुत्रा वगळला, सिंह घातला. केरळ उच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली आणि १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही. महाराष्ट्र दिन तर होताच, शिवाय आपला हिंगोली जिल्हा होऊन त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. आपण इकडं झेंडावंदन करत होतो, तिकडं देशातल्या सर्कशींमधले वाघ-सिंह रिंगणाच्या बाहेर पडत होते. त्याच वर्षी खेळातल्या जनावरांच्या नोंदणीचे नियम आले. सिनेमात, जाहिरातीत जनावर दाखवायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागू लागली. सिनेमाच्या सुरुवातीला "कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही" अशी पाटी येते ना, तिची पाळंमुळं इथं आहेत. निवडणूक आयोगानंही पक्षांना प्रचारात जनावरं वापरू नका असं कळवलेलं आहे.

आता जरा आपल्या गल्लीत या.

माझ्या वयाच्या लोकांना अस्वलवाला दरवेशी आठवत असेल. डमरू वाजवत यायचा. नाकात वेसण घातलेलं अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहायचं. लेकराला नजर लागली, रात्री दचकून उठतं, म्हणून आयाबाया लेकराला अस्वलाच्या पाठीवर बसवायच्या. मलाही बसवलं होतं म्हणं. अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधायचे. त्या बदल्यात दरवेश्याला पसाभर ज्वारी मिळायची. माकडवाला यायचा, गारुडी यायचा, नंदीबैलवाला यायचा, गुबुगुबू वाजवत. मग एकेक करत यायचे बंद झाले.

अस्वलाचं नाक तापल्या सुईनं भोकसतात, पिल्लू असतानाच दात पाडतात, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर त्या पाठीवर बसल्याची लाज वाटली. पण दुसरी गोष्ट त्याहून उशिरा सुचली, की तो दरवेशी गेला कुठं? बंदी आली, अस्वल गेलं, आणि त्याच्या घरच्यांनी काय खाल्लं? महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी आहेत, नंदीवाले आहेत, गारुडी आहेत. यादीत नाव आहे, हातात काय आहे? शिधापत्रिका नाही, जातीचा दाखला नाही, जमीन तर नाहीच. त्यांचं जनावर सोडवताना माणसाचं काय करायचं हे आपण कुणी विचारलं नाही.

उत्तरेत मात्र विचारलं. तिकडं अस्वलं नाचवणारे कलंदर लोक होते. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेनं आग्र्याजवळ अस्वलांसाठी केंद्र काढलं. २००२ च्या शेवटी पहिली अस्वलं तिथं आली. अस्वल सोडणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल दिलं, कुणाला रिक्षा, कुणाला दुकान, बायकांना शिवणकाम-विणकाम, आणि लेकरांना शाळा. सहाशेच्या वर अस्वलं आली, आणि २००९ मध्ये रस्त्यावर नाचणारं शेवटचं अस्वल सुटलं असं त्यांनी जाहीर केलं. अस्वल नाचवण्यावर बंदी त्याच्या कितीतरी आधीपासून होती. १९७२ चा वन्यजीव कायदा होताच. पण नुसत्या बंदीनं जे तीस वर्षांत झालं नाही, ते माणसाच्या पोटाचा विचार केल्यावर सात वर्षांत झालं. या सगळ्या इतिहासातून मला कुठली एक गोष्ट शिकायला मिळाली असेल, तर ती ही.

आता बैल.

११ जुलै २०११ रोजी केंद्रानं त्या यादीत बैलाचं नाव घातलं. महाराष्ट्र सरकारनं ऑगस्टमध्ये त्यानुसार शर्यतींवर बंदी आणली. मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल आला. तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की बैलाचं शरीर ओढण्यासाठी घडलं आहे, घोड्यासारखं पळण्यासाठी नाही. तो पळतो तो वेदनेनं आणि भीतीनं.

प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा मी चिडलो होतो. फेसबुकवर लिहिलंही होतं की कुत्र्याला एसीत झोपवणाऱ्यांनी आम्हाला बैल शिकवू नये. भरपूर लाईक मिळाले. पण निकाल वाचला नव्हता. वाचला तो दोन वर्षांनी, आणि त्यातली मारहाणीची, शेपट्या मोडल्याची वर्णनं वाचताना मला एक जुना पट आठवला.

मी कॉलेजात होतो. मामाबरोबर पट बघायला गेलो होतो. आपल्याकडं दोन बैलांची जोडी, हलका छकडा, वर धुरकरी, आणि सगळा खेळ सेकंदांचा. एक जोडी आली, बघताबघता रेषा ओलांडून गेली. लोक ओरडत होते, मीही सेकंद ओरडत होतो. जोडी पुढं जाऊन थांबली तसा मी पळत गेलो. डाव्या अंगाचा बैल पाय फाकवून उभा होता, तोंडाला फेस. शेपटीच्या बुडाशी रक्त होतं. धुरकऱ्यानं दातानं चावलं होतं. तुतारीला आर होती, ती त्यानं पटकन बाजूला उसात फेकली. मालक आला, त्यानं बैलाकडं बघितलं नाही, टाइम विचारला. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मीही टाइमच विचारत होतो. आमच्या घरी दावणीला चांद्या होता. आबा त्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला तूप-हळद लावून रडायचे, एवढा जीव. त्या माळावर उभा असताना मला चांद्या एकदाही आठवला नाही. गर्दी माणसाचं काय करते बघा.

निकालानंतरचा इतिहास बऱ्याच जणांना अर्धा माहीत आहे, म्हणून ओळीनं सांगतो. ७ जानेवारी २०१६ ला केंद्रानं अटी घालून परवानगीची अधिसूचना काढली, पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ ला चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर लाखो पोरं जमली आणि तमिळनाडूनं स्वतःची कायदादुरुस्ती केली. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळानंही १९६० च्या कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शर्यती अडवल्या. २०१८ मध्ये हे सगळं प्रकरण घटनापीठाकडं गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे गावी बंदी मोडून शर्यत झाली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला तात्पुरती मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

ग्रुपवर जे म्हणतात "विषय संपला", ते या निकालाबद्दल बोलतात. पण निकालात काय आहे? बैलाला वेदना होत नाहीत असं न्यायालय म्हणालं नाही. ही परंपरा आहे की नाही हे विधिमंडळानं ठरवायचं, आणि नव्या नियमांमुळं वेदना पुष्कळ कमी होतात, म्हणून कायदा टिकतो, असं म्हणालं. शिवाय नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली. म्हणजे परवानगी आहे ती नियमांच्या शर्यतीला. चाबूक, काठी, बॅटरीचा शॉक, आर, शेपटी चावणं, दारू पाजणं, यांना परवानगी नाही. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ मंजुरी, पशुवैद्यकाची तपासणी, धाव १००० मीटरच्या आत. मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. कलम ११ चे ५० रुपये आठवा आणि हे ५ लाख बघा. महाराष्ट्रानं हा दंड स्वतः होऊन लावून घेतला आहे, कारण तो लावला नसता तर कायदा कोर्टात उभाच राहिला नसता.

मग मला सांगा, आजवर बघितलेल्या किती पटांत धुरकऱ्याच्या हातात काहीच नव्हतं?

आता शर्यतीच्या बाजूचं. ते ऐकलं पाहिजे, कारण ते खोटं नाही. शेतकरी म्हणतो, ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला काम राहिलं नाही. २०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आहे. कडबा महाग, पाणी नाही. अशात दावणीला बैल ठेवायचा तर कशासाठी? शर्यत असली तर खोंडाला किंमत येते, पोरं गोठ्यात रमतात, जात टिकते. हे बोलणाऱ्याला बैलाचा शत्रू म्हणणाऱ्या शहरी माणसानं एक उन्हाळा आमच्याकडं काढावा. प्राणिमित्रांची चळवळ इथंच चुकली. दरवेश्याला जसं कुणी विचारलं नाही, तसं शेतकऱ्यालाही विचारलं नाही. कायदा वरून आला, म्हणून तो शेतकऱ्याच्या मानावर घाव वाटला, आणि राजकारण्यांना आयतं मैदान मिळालं. अस्वलाच्या बाबतीत जिंकलेली लढाई बैलाच्या बाबतीत हरली, ती त्यामुळं.

पण त्या युक्तिवादात एक भोक आहे, तेही सांगतो. जात टिकवायची म्हणता, कुठली? शर्यतीच्या बाजारात सगळा मान खिलारला. आपल्या मराठवाड्याच्या जाती म्हणजे लाल कंधारी आणि देवणी. नांगराला, गाडीला दमदार, आणि देवणीची गाय दुधालाही बरी. पटाच्या बक्षिसानं त्यांचं किती भलं झालं, आपणच आपल्या गावात मोजावं. आणि पळणारा बैल एका गावात दोन-चार जणांकडं असतो. बाकीच्या शंभर दावणींना शर्यतीतून काय मिळतं? बघायला मिळतं, बस. जात टिकवायची तर चारा पाहिजे, गावात वळू पाहिजे, पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर पाहिजे. यासाठी ग्रुपवर बॅनर आलेलं मी अजून बघितलं नाही.

महाराष्ट्रात बदल होत नाही असंही नाही. बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवायची केवढी जुनी रीत. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती मिरवणूक आणि स्पर्धा थांबल्या. गाव नाराज झालं, अजूनही आहे, मागण्या चालू असतात. पण नागपंचमी बुडाली नाही. अंबाबाईचं दर्शन होतं, पालखी निघते, यात्रा भरते. सण नागाच्या मानेवर उभा नव्हता, हे त्या गावानं दाखवून दिलं, मनाविरुद्ध का होईना.

आणि आपली परतवारी बघा. आषाढीनंतर वद्य एकादशीला नरसीत लाखांनी माणूस येतो. कयाधूचा काठ भरून जातो. तिथं कुठलं जनावर पळवावं लागत नाही. पालखीच्या रथाला बैल असतात, त्यांची आधी पूजा होते, माणूस त्यांच्या चालीनं चालतो. बैलाच्या चालीनं माणूस चालला की काय होतं आणि माणसाच्या घड्याळावर बैल पळाला की काय होतं, दोन्ही आपल्या डोळ्यांपुढं आहे.

पुतण्याला उत्तर द्यायचं राहिलं.

बाळा, मला पट नको आहे. पण मी बंदीची मागणी करणार नाही, कारण वरून आलेल्या बंदीचं काय होतं ते मी बघितलं आहे. चोरून होतो, रात्री होतो, आणि तिथं बैलाच्या बाजूनं बघणारं कुणीच नसतं. मी संयोजकांना जाऊन भेटणार आहे. पाच गोष्टी मागणार आहे. एक, परवानगीचा कागद बॅनरवर छापा, नेत्यांच्या फोटोच्या जागी. दोन, धुरकऱ्याचे हात आणि छकडा धावेआधी सगळ्यांसमोर तपासा. तीन, धाव संपल्यावर डॉक्टरांनी बैलाला बघितल्याशिवाय टाइम जाहीर करायचा नाही. चार, बैलाच्या अंगावर ताजी जखम दिसली तर जोडी बाद, मालक कुणाचाही पाहुणा असो. पाच, जमलेल्या पैशातला वाटा गावच्या चाऱ्याला आणि पाण्याच्या हौदाला. यातलं पहिलं, दुसरं आणि चौथं कायद्याच्या बाहेरचं काही नाही. तिसरं आणि पाचवं आपण आपल्या मनानं करायचं आहे.

हे मान्य झालं तर मी स्वतः सकाळी मैदानावर खडे वेचायला येईन. मान्य नाही झालं, तर मोबाईल घेऊन धावपट्टीच्या शेवटी उभा राहीन, जिथं जोडी थांबते तिथं. आणि जे दिसेल ते तहसीलला अर्जाबरोबर जोडीन. तीस वर्षांपूर्वी त्याच जागी उभा राहून मी सेकंद ओरडत होतो, त्याची थोडीतरी भरपाई.

"गावचा माणूस असून गावाविरुद्ध जातो" असं कुणी म्हणेल. म्हणा. मी ज्या गावचा आहे त्या गावच्या माणसानं भाकरी चोरणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धाव घेतली होती. मी तर फक्त कष्ट करणाऱ्या बैलामागं आर घेऊन धावू नका म्हणतोय.

कमेंटमध्ये भांडा, मोकळेपणानं. फक्त एक करा. ज्यांच्या दावणीला आज बैल आहे त्यांनी आधी बोला, बाकीच्यांनी नंतर. आणि लहानपणी आपल्या गावात येणाऱ्या दरवेश्याची, नंदीवाल्याची पुढची पिढी कुठं असेल, काय करत असेल, हे कुणाला माहीत असलं तर तेवढं नक्की लिहा. त्यांच्या लेकरांच्या दाखल्याचं काही करता येतंय का, ते बघू.

राम कृष्ण हरी.